अहवालापलीकडचा अर्थशास्त्रज्ञ

विद्यापीठातील अभ्यासक खेड्यात जातो, प्रश्नावली भरून घेतो, परत येऊन प्रबंध लिहितो. त्यास पदवी मिळते. परंतु ज्या शेतकऱ्याने काम टाकून त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्याच्या पदरात सहसा काहीच पडत नाही. ज्ञानाच्या या एकतर्फी व्यवहारास ठळक अपवाद ठरलेले नाव म्हणजे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे जन्मलेल्या धनंजयरावांचे उच्च शिक्षण केंब्रिज येथे झाले. हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वयाच्या तेविशीतच त्यांची गणना नामवंत अर्थशास्त्रज्ञांत होऊ लागली. सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून १९३० मध्ये ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि पुढील ३६ वर्षे त्यांनी तेथेच काढली.

त्या काळी अर्थशास्त्राचे अध्यापन बहुतांशी इंग्रजी ग्रंथांवर विसंबून असे. धनंजयरावांनी आपल्या सहकाऱ्यांना प्रथम मंडईत धाडले. पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी १९४० मध्ये. पुणे शहरातील कुटुंबांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अहवाल १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत निघाला. आपल्या समाजाविषयी विधान करण्यापूर्वी त्याच्या दारात जाऊन विचारले पाहिजे, ही शिस्त या कामांतून रुजली.

यांपैकी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाहणीस विशेष महत्त्व आहे. पाटाच्या पाण्याचा लाभ केवळ सरकारजमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून न मोजता, त्या पाण्याने साऱ्या परिसराच्या उत्पन्नात काय भर पडली, याचा हिशेब तीत मांडण्यात आला. हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भागात खासगी साखर कंपन्यांनी खंडाने जमिनी घेऊन उसाचे मळे उभे केले होते आणि लहान बागाईतदार मात्र गुळाच्या चढउतारत्या भावावर अवलंबून होता. कालव्याचे पाणी दाराशी असूनही त्यातून होणारी संपत्ती दुसरीकडेच जात होती.

येथे दुसरा एखादा विद्वान अहवाल सादर करून थांबला असता. धनंजयराव थांबले नाहीत. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने बागाईतदारांनी स्वतःचा कारखाना काढण्याचे ठरविले, तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याचे हे प्राध्यापक. विखे पाटलांना गावोगावच्या शेतकऱ्यांचा विश्वास लाभलेला होता, धनंजयरावांपाशी हिशेबाची शिस्त होती. दोहोंपैकी एकानेही हा कारखाना उभा राहता ना.

पुढे ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीच्या समितीवर त्यांनी काम केले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले आणि १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना द्यावयाच्या केंद्रीय साहाय्याचे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र १९६९ मधील. दिल्लीतील पद सोडून पुण्यास परतत असता ३ मे १९७१ रोजी वाटेतच त्यांचे निधन झाले.

सहकारी साखर कारखानदारीचा पुढील इतिहास निर्मळ नाही. सभासद बागाईतदारांची भरभराट झाली. परंतु कोयता घेऊन येणारा दुष्काळी भागातील ऊसतोड मजूर त्या सभासदत्वाबाहेरच राहिला, आणि कित्येक कारखाने राजकारणाचे आखाडे बनले. हे दोष नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना त्यांचे निदान करावयाचे तर पुन्हा तशाच कठोर पाहणीची गरज आहे. आणि या वेळी ती मजुराच्या खोपीपासून सुरू व्हावयास हवी.

आज विद्यार्थ्यांना क्षेत्रीय कार्यास गुण मिळतात, प्राध्यापकांच्या शोधनिबंधांची मोजदाद होते. ज्या गावाची माहिती घेतली त्या गावास निष्कर्ष कळविले काय, हा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात सहसा आढळत नाही. धनंजयरावांच्या चरित्राने तो रकाना केव्हाच आखून ठेवला आहे. तो भरण्याची जबाबदारी विद्यापीठांची आहे.