लेकरापर्यंत पोचलेली भाकरी

३ जानेवारीला आपण सावित्रीबाई फुल्यांच्या फोटोला हार घालतो. भिडेवाडा, मुलींची शाळा, अंगावर फेकलेलं शेण हे आपल्या मुलांनाही पाठ असतं. मला मात्र अंगणवाडीत वजनकाट्यापाशी बसले की दुष्काळातल्या सावित्रीबाई आठवतात.

१८३१ साली साताऱ्याजवळच्या नायगावात जन्मलेली ही मुलगी. नवव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्यानं शिकवलं आणि १८४८ मध्ये ती स्वतःच शिक्षिका झाली. १८६३ मध्ये विधवांच्या तान्ह्या बाळांना वाचवण्यासाठी दोघांनी घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पोटचं मूल नव्हतं, पण तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी आपला म्हणून वाढवलं.

मग आलं १८७६. पाऊस पाठ फिरवून गेला. त्यामागे प्रशांत महासागरातला जबरदस्त एल निनो होता, असं आज शास्त्रज्ञ सांगतात. दख्खन ते मद्रास पन्नास लाखांवर माणसं मेली. शेतकऱ्याच्या घरात आधी गुरं गेली, मग दाणे संपले. तेव्हा सगळ्यात आधी कोमेजली ती लेकरं.

सावित्रीबाई जुन्नरकडे गेल्या. २० एप्रिल १८७७ ला त्यांनी ओतूरहून जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात आटलेल्या नद्या आहेत, भेगाळलेली जमीन आहे आणि पोटची पोरं विकून गाव सोडणारे आईबापही आहेत. तिथे सत्यशोधकांचे पन्नास कार्यकर्ते पकडले गेले, तेव्हा या बाई थेट कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या. कार्यकर्ते सुटले, वर ज्वारीच्या चार गाड्या आल्या! पुढच्याच महिन्यात धनकवडीच्या बालाश्रमात दुष्काळी मुलांना जेवू घालण्यासाठी जोतिरावांनी लोकांकडे मदत मागितली.

आज आपल्याकडे अंगणवाडी आहे, शाळेत खिचडी आहे. पण पाऊस दगा देतो, कोरडवाहू घर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातं. मग मुलाचं नाव एका गावच्या रजिस्टरात आणि मूल भलत्याच गावच्या फडात! चार-पाच महिन्यांनी ते परत येतं तेव्हा काट्यावर आकडा पुढे सरकलेला नसतो. आईला काय बोलायचं? तिचीच हाडं वर आलेली असतात. आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून येत नाही.

म्हणून वाटतं, सावित्रीबाईंकडून घ्यायचं ते हेच. लेकरू आपल्या दाराशी येईल म्हणून त्या थांबल्या नाहीत, जिथे भूक होती तिथे गेल्या. आपल्या गावाबाहेर पालं पडली, की तिथे सहा वर्षांखालची मुलं किती, एवढं तरी विचारून यावं आणि अंगणवाडीताईला सांगावं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. शेवटच्या खेपेलाही त्या लेकराकडेच चालत गेल्या होत्या.