मलिक अंबर

मलिक अंबर (इ.स. १५४८ – इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर व सेनापती होता. इथिओपियात जन्मलेला अंबर गुलाम म्हणून दख्खनेत आला. इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर त्याने परांडा (जि. धाराशिव) येथे दुसऱ्या मुर्तझा निजामशहास गादीवर बसवले. मोगलांच्या अवजड फौजेशी मैदानात टक्कर देणे अशक्य असल्याने त्याने हबशी, दख्खनी व मराठा शिपायांचे चपळ सैन्य उभारले आणि त्यास छापे घालण्याच्या व रसद तोडण्याच्या गनिमी काव्यात तरबेज केले. इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे या सैन्याने मोगल-आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे भोसले त्यात होते. इ.स. १६३६ मध्ये निजामशाही संपली, तरी ही युद्धपद्धती मराठ्यांनी पुढे नेली.