सर डेव्हिड सॉलोमन्स : घड्याळांचा जाणता संग्राहक

जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत सर डेव्हिड लायोनेल सॉलोमन्स यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पैसा असलेल्या माणसाने दुर्मीळ वस्तू जमवाव्यात यात नवल नाही. सॉलोमन्स यांचे वेगळेपण असे, की त्यांनी एकाच कारागिराचा ध्यास घेतला, त्याचे काम यंत्रज्ञाच्या नजरेने तपासले आणि जे उमगले ते ग्रंथरूपाने मागे ठेवले.

त्यांचा जन्म २८ जून १८५१ रोजी इंग्लंडमधील एका संपन्न ज्यू कुटुंबात झाला. वडील फिलिप सॉलोमन्स १८६७ मध्ये वारले. त्यानंतर या मुलाचे पालकत्व काका सर डेव्हिड सॉलोमन्स यांच्याकडे आले. हे काका १८५५ मध्ये लंडनचे पहिले ज्यू लॉर्ड मेयर झाले होते. त्यांना अपत्य नव्हते. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि बॅरोनेट हा किताब व टनब्रिज वेल्सजवळची ब्रूमहिल ही इस्टेट पुतण्याकडे आली.

केंब्रिजमध्ये शिकलेल्या या तरुणाचे मन दिवाणखान्यापेक्षा कार्यशाळेत अधिक रमे. ब्रूमहिल येथे त्यांनी सुसज्ज कार्यशाळा उभारली. बहुतेक इंग्रज घरे गॅसच्या उजेडात असताना या घरात विजेचे दिवे लागले. पुढे मोटारगाडीने त्यांना वेड लावले. यांत्रिक वाहनांवर त्या काळी ताशी ४ मैलांची मर्यादा होती आणि वाहनाच्या पुढे एक माणूस पायी चालवावा लागे. हा कायदा बदलावा म्हणून त्यांनी खटपट केली. १५ ऑक्टोबर १८९५ रोजी टनब्रिज वेल्स येथे त्यांनी भरवलेले प्रदर्शन ब्रिटनमधील पहिले मोटार प्रदर्शन मानले जाते. पुढच्याच वर्षी कायदा शिथिल झाला.

यंत्राच्या अंतरंगाची हीच ओढ त्यांना अब्राहम-लुई ब्रेगे यांच्यापर्यंत घेऊन गेली. ब्रेगे यांचा जन्म १७४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. पॅरिसमध्ये दुकान थाटून त्यांनी घड्याळविद्येचे रूपच पालटले. घड्याळ बाळगणाऱ्याच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारी यंत्रणा त्यांनी भरवशाची केली. घड्याळ पडले तरी नाजूक चक्राचा आस मोडू नये म्हणून त्याला स्प्रिंगचा आधार दिला. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळाची गती गुरुत्वाकर्षणामुळे बिघडते. त्यावर त्यांनी नियमन करणारा सगळा भाग एका फिरत्या पिंजऱ्यात बसवला, म्हणजे निरनिराळ्या स्थितींतील चुका परस्परांना भरून काढतात. ‘टूरबियाँ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या युक्तीचे पेटंट त्यांना १८०१ मध्ये मिळाले. नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिच्यासाठी त्यांनी मनगटावर बांधण्याचे घड्याळही बनवले. १८१० मध्ये मागणी आलेले ते घड्याळ आज कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. पेढीच्या वह्यांतील नोंदी मात्र शिल्लक आहेत.

ब्रेगे यांच्या हयातीतच त्यांच्या नावाची बनावट घड्याळे बाजारात खपू लागली होती. ती ओळखता यावीत म्हणून ते तबकडीवर सहज न दिसणारी सूक्ष्म सही कोरत. म्हणून ब्रेगे जमवणाऱ्याला हौसेपेक्षा परीक्षा अधिक लागे. घड्याळाचा क्रमांक, आतील रचना, पूर्वीच्या मालकांची परंपरा हे सारे पडताळावे लागे. सॉलोमन्स यांच्यापाशी ती दृष्टी होती, आणि धीरही होता. शंभराहून अधिक ब्रेगे घड्याळे त्यांच्या संग्रहात आली.

मात्र ज्या हाती हे धन सोपवायचे, ते हातच काळाने हिरावून नेले. त्यांचा एकुलता एक मुलगा डेव्हिड रेजिनाल्ड पहिल्या महायुद्धात कॅप्टन होता. २८ ऑक्टोबर १९१५ रोजी गॅलिपोलीजवळ ‘हाइथ’ हे जहाज दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले. त्यात आपल्या अनेक सैनिकांसह तोही गेला. किताबाला वारस उरला नाही.

या आघातानंतर दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, सॉलोमन्स यांच्या हाती त्यांच्या संग्रहाचा मुकुटमणी आला. फ्रान्सची राणी मारी अँत्वानेत हिच्यासाठी १७८३ मध्ये सांगितलेले क्रमांक १६० चे ते घड्याळ होते. वेळेची वा खर्चाची मर्यादा नव्हती. त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यात हवी होती. राज्यक्रांती झाली, १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, १८२३ मध्ये ब्रेगेही वारले. घड्याळ पूर्ण झाले ते १८२७ मध्ये.

सॉलोमन्स यांनी ब्रेगे यांच्या जीवनावर व घड्याळांवर सचित्र ग्रंथ लिहिला. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अभ्यासकांना दीर्घकाळ आधारभूत वाटला. १९२४ मध्ये संग्रहातील एक अत्यंत मोलाचे घड्याळ त्यांनी पॅरिसमधील कला व तंत्रविद्येच्या संग्रहालयाला भेट दिले. १९ एप्रिल १९२५ रोजी त्यांचे निधन झाले आणि किताब तिथेच संपला.

राणीच्या घड्याळासह निवडक घड्याळे कन्या वेरा यांच्याकडे गेली. वेरा पुढे जेरुसलेमशी जोडल्या गेल्या. इस्लामी कलेचे प्राध्यापक लिओ मायर यांच्या स्मरणार्थ त्यांनी तिथे कलासंग्रहालय स्थापन केले आणि वडिलांची घड्याळे त्यालाच दिली. १९७४ मध्ये ते खुले झाले, तेव्हा वेरा हयात नव्हत्या.

एप्रिल १९८३ मध्ये त्या संग्रहालयावर दरोडा पडला. राणीच्या घड्याळासह शंभरावर घड्याळे नाहीशी झाली आणि दोन दशके तपास लागला नाही. दरम्यान ब्रेगे कंपनीने जुनी रेखाटने व नोंदी धुंडाळून राणीच्या घड्याळाची प्रतिकृती करायला घेतली. ते काम चालू असतानाच, २००६ मध्ये, चोराच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेकडून आलेल्या घड्याळांत मूळ घड्याळ संग्रहालयाला परत मिळाले. त्यानंतर युरोपातील तिजोऱ्यांतून आणखी घड्याळे सापडली आणि बहुतेक संग्रह पुन्हा एकत्र आला.

सॉलोमन्स यांनी वंशासाठी जे जपले, ते वंशाकडे राहिले नाही. मात्र त्यांची नजर ज्या घड्याळांवर ठरली होती, ती आज जेरुसलेममध्ये कोणालाही पाहता येतात. ती परत आली तेव्हा कोणते घड्याळ कोणते हे ओळखणे शक्य झाले, ते क्रमांक, वर्णन आणि चित्र यांची चोख नोंद ठेवण्याच्या परंपरेमुळे. त्या परंपरेत सॉलोमन्स यांच्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.