प्रेमचंद रायचंद : कापसाच्या सोन्याचा राजा आणि १ जुलैचा हिशेब

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर मुंबईकरांच्या नित्य परिचयाचा आहे. हा मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद मात्र आता बव्हंशी विस्मृतीत गेले आहेत. एके काळी या गृहस्थाच्या एका होकारावर मुंबईत कंपन्या उभ्या राहत आणि नकारावर कोसळत. झटपट श्रीमंतीच्या ज्या लाटेवर त्यांनी अवघ्या शहराला स्वार केले, त्याच लाटेने १८६५ मध्ये शहराला आणि त्यांनाही तळाशी नेले.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतच्या एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद व्यवसायासाठी मुंबईत आले आणि मुलाचे शिक्षण येथेच झाले. त्या वेळच्या देशी दलालांना जे साधले नव्हते ते या तरुणाला साधले : तो इंग्रजी लिहू, वाचू आणि बोलू शकत होता. रतनचंद लाला नावाच्या दलालाला इंग्रज व्यापाऱ्यांशी बोलण्यासाठी असा मदतनीस हवाच होता. त्यांच्या हाताखाली प्रेमचंद यांनी उमेदवारी केली आणि थोड्याच वर्षांत स्वतःची पेढी उभी केली. सारे सौदे ते तोंडपाठ ठेवत, कागदाला कागद लावण्याची त्यांना गरज पडत नसे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाई. टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली त्या काळी दलालांचा अड्डा भरे. तेथे विशी-पंचविशीतल्या या माणसाचा शब्द हळूहळू प्रमाण मानला जाऊ लागला.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबई बंदरातून निघणाऱ्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. लोकांनी गाद्या-उशांतला जुना कापूसही काढून विकला, असे त्या काळाचे वर्णन आहे. युद्धाच्या या वर्षांत मुंबईला सात कोटी पौंडांहून अधिक जादा कमाई झाली असा अंदाज केला जातो. प्रेमचंद कापसाच्या व्यापारातही आघाडीवर होते.

एवढा पैसा गुंतवायचा कोठे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून नव्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. १८६० च्या सुमारास साठेक असलेले दलाल दोन-अडीचशेंवर गेले. यातल्या अनेक संस्थांचा खरा धंदा एकच होता : एकमेकींच्या शेअरवर कर्ज देणे. सर्वांचे लक्ष वेधले ते बॅक बे रेक्लमेशन कंपनीने. समुद्र हटवून नवी जमीन काढायची, ती रेल्वेला आणि इमारतींना विकायची, अशी ही योजना. भराव पडण्याआधीच तिच्या शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी वाढला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्या कागदावर लोक घर गहाण टाकत होते.

या साऱ्या व्यवहारांच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही त्यांच्या प्रभावाखालची संस्था. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बे त्यांच्या शब्दावर चालू लागली. १८६३ मध्ये या बँकेच्या कायद्यात बदल झाला आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. मग प्रेमचंद यांच्या शिफारशीच्या चिठ्ठीवर मोठमोठ्या रकमा हातोहात मिळू लागल्या. कर्जातून शेअर घ्यायचे, भाव वाढला की तेच शेअर तारण ठेवून नवे कर्ज काढायचे, त्यातून आणखी शेअर घ्यायचे, असा हा फेरा होता. भाव चढते होते तोवर प्रत्येक जण श्रीमंत होता. शेठ, वकील, डॉक्टर, सरकारी कारकून सारेच यात उतरले. कंपनी काय करते हे विचारण्याची गरज कोणाला वाटेना. प्रेमचंद यांचे नाव आहे, एवढे पुरत असे.

त्यांना निव्वळ लबाड ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. याच भरभराटीच्या दिवसांत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपली आई राजाबाई हिचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. कोलकाता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमध्ये नामांकित ठरली. आपण उभारलेल्या डोलाऱ्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास होता. म्हणून तर आपली सारी संपत्ती त्यांनी त्यातच गुंतवून ठेवली होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे उघड झाले आणि मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले. शेअरचे असंख्य वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते. ती तारीख जवळ आली तसा घेणाऱ्यांकडे पैसा नाही आणि विकणाऱ्यांच्या हातातल्या कागदाला गिऱ्हाईक नाही, अशी स्थिती झाली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. ज्याचे घेणे त्याचेच देणे, अशी सर्वांची साखळी असल्याने एक पेढी बुडाली की तिच्यामागे दहा बुडत. नादारीचे अर्ज इतके झाले की सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

या तडाख्यातून थोरामोठ्यांचीही सुटका झाली नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान आणि लोकप्रिय धन्वंतरीला त्याची जबर आर्थिक झळ बसली. तरुण जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते. तेथे एक हिंदी बँक काढण्याचा बेत होता आणि त्यामागे प्रेमचंद यांचे पाठबळ होते. जमशेटजींनी सोबत नेलेली कागदपत्रे रद्दीच्या मोलाची ठरली. त्यांनी धनकोंना सामोरे जाऊन सगळा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या प्रामाणिकपणाच्या बळावर ते त्या प्रसंगातून बाहेर पडले.

एशियाटिक बँक बुडाली, बॅक बेची योजना अर्धवट राहिली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. जुन्या बँकेच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. प्रेमचंद यांना दिलेली आणि त्यांच्या शब्दावर दिलेली कर्जे हा त्या चौकशीतला मोठा विषय होता. संचालकांनी तारण पारखले नव्हते, माणसाचा दबदबा पाहिला होता. स्वतः प्रेमचंद यांची सारी दौलत धनकोंच्या स्वाधीन झाली. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते.

त्यानंतर ते चाळीस वर्षे जगले, आणि हा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. त्यांनी मुंबई सोडली नाही. ज्या बाजारात आपले हसे झाले, त्याच बाजारात ते पुन्हा साध्या दलालीला बसले. पूर्वीचे वैभव परत आले नाही, पण पत हळूहळू परतली. त्यांच्या देणगीचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. देशी शेअर दलालांनी १८७५ मध्ये आपली रीतसर संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे ते मूळ रूप. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद यांची गणना होते. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज दामदुपटीचे आमिष मोबाइलच्या पडद्यावर येते. अनोळखी गटात कोणीतरी नफ्याचे आकडे दाखवते, पहिली छोटी रक्कम परतही मिळते, आणि मग माणूस भविष्यनिर्वाह निधी मोडून वा कर्ज काढून पुढची रक्कम भरतो. १८६४ च्या कंपन्या निदान समुद्रात भराव घालण्याची भाषा करत होत्या. आजच्या अनेक योजनांमागे तेवढेही नसते. पण त्या वेळी न विचारलेले प्रश्न आजही तेच आहेत. हा नफा नेमका कोणत्या धंद्यातून येतो? तो मागच्या माणसाने भरलेल्या पैशातून तर येत नाही? आपली सर्व रक्कम आज मागितली तर आज मिळेल का? आणि आपण योजना पाहून पैसे देत आहोत की कोणाचे नाव ऐकून? मुंबईतला सर्वांत हुशार दलाल जेथे फसला, तेथे हुशारीचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न विचारलेले बरे.