रूसो, थेरेज आणि आईचे दूध

जाँ-जाक रूसो १७१२ मध्ये जिनिव्हात जन्मला आणि काही दिवसांतच त्याची आई वारली. आत्याने त्याला वाढवले.

पुढे तो पॅरिसमध्ये राहिला. तिथली बहुतेक तान्ही मुले तेव्हा दुधासाठी खेड्यांतल्या दायांकडे पाठवली जात. त्यांतली अनेक परत येतच नसत. १७६२ मध्ये आलेल्या ‘एमिल’ या ग्रंथात रूसोने आग्रह धरला की, बाळाला आईनेच पाजावे. ग्रंथ पॅरिस आणि जिनिव्हात जाळला गेला. तरी तो वाचून सुखवस्तू घरांतल्या अनेक स्त्रिया बाळाला अंगावर पाजू लागल्या.

त्याच्या घरी मात्र आधीच वेगळे घडले होते. त्याची सोबतीण थेरेज हिची पाचही मुले जन्मताच अनाथालयात गेली. तिची इच्छा नव्हती, पण तिचे चालले नाही. त्या अनाथालयातली बहुतेक मुले पहिले वर्षही पार करत नसत. रूसोने आत्मकथनात हे कबूल केले. १७७८ मध्ये तो वारला.

बाळंतिणीला उपदेश करणारे आजही घरोघरी आहेत. तिला हवी असते ती मदत: पहिल्या तासात बाळ छातीशी देणारी, चीक वाया जाऊ न देणारी, स्तन दुखत असतील तर बाळ नीट कसे धरायचे ते दाखवणारी. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे, तर तिला विश्रांती आणि कामातून सवडही हवी. काही कारणाने पाजता आले नाही, तर दोष नको, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि निर्णय घेताना आधी तिला विचारावे. थेरेजला ते कोणी विचारले नव्हते.