सरफोजीराजांच्या नोंदी आणि मोतीबिंदूनंतर दिपणारे डोळे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड सहन होत नाही, समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ही तक्रार बरेच रुग्ण करतात. अशा वेळी रुग्णाने सांगितलेले बारकावे फार उपयोगी पडतात. तंजावरच्या एका मराठी राजाने डोळ्यांच्या रुग्णांच्या बारीक नोंदी दोनशे वर्षांपूर्वीच जपल्या होत्या.

राजा आणि धन्वंतरी महाल

सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांचा जन्म १७७७ चा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला गादी स्थापली होती. त्या घराण्यातील तुळजाजीराजांनी सरफोजींना १७८७ मध्ये दत्तक घेतले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला.

सत्ता गेली तरी राजांनी विद्येची कास सोडली नाही. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि धन्वंतरी महाल उभारला. तिथे देशी वैद्यकाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचाही अभ्यास होई. मोतीबिंदूच्या रुग्णांवर उपचार होत, त्यांच्या नोंदी ठेवल्या जात आणि डोळ्यांची चित्रेही काढली जात. राजे १८३२ मध्ये वारले. ते कागद मात्र टिकले.

त्या काळी डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग नव्हते. ते १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवले.

आज डोळे का दिपतात?

गढूळ भिंग जाऊन स्वच्छ भिंग आले की डोळ्यात जास्त उजेड शिरतो. सुरुवातीची सूज आणि कोरडेपणा यांनीही त्रास होतो. हा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत कमी होतो. तो टिकला तर भिंगामागचा पडदा गढूळ झाला आहे का, भिंग सरकले आहे का, हे पाहावे लागते. मल्टिफोकल भिंगामुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

तपासणी कशी होते?

अक्षरांचा तक्ता आधी साध्या उजेडात वाचायला देतात. मग डोळ्यावर प्रखर प्रकाश टाकून पुन्हा वाचायला सांगतात आणि किती ओळी कमी वाचल्या ते पाहतात. फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ताही वापरतात. स्लिट लॅम्पखाली डोळा तपासतात. यातले काहीही दुखत नाही.

तुमची नोंद

त्रास कोणत्या डोळ्याला, दिवसा की रात्री, केव्हापासून आणि कमी होतोय की वाढतोय, हे चार दिवस लिहून ठेवा. आमच्या तळोज्यात रात्रपाळीला ट्रक चालवणारे बरेच आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्री गाडी चालवू नये.

डोळा दुखणे, लाल होणे, नजर अचानक कमी होणे, विजेसारखे चमकणे किंवा पडदा आल्यासारखे वाटणे, यांपैकी काही झाले तर नोंद करत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.