कर्मवीर भाऊराव : नापास विद्यार्थ्याने उघडलेली शाळा



दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील काही घरांतून पेढे येतात आणि काही घरांचे दार दिवसभर लोटलेले असते. पेढ्यांच्या घरी आपण सगळेच जातो. लोटलेल्या दाराशी कोण जाते, असा विचार मनात आला की मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका नापास मुलाची आठवण होते. आज त्याचीच जीवनकथा थोडक्यात पाहू या.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज गावी, आजोळी, भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला. पुढील शिक्षणासाठी मुलाला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये केली. मुलगा अंगाने दणकट, कुस्तीचा षौकीन, मनाने हट्टी. अभ्यासात मात्र यथातथाच, त्यातून गणिताशी तर उभे वैर.

१९०८ साली अस्पृश्य समाजातील मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय आत यायचे नाही, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. माणसाला शिवल्याने माणूस विटाळत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. बोर्डिंगने त्यांना बाहेर काढले. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी या मुलाला आश्रय दिला.

पुढची गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. भाऊराव परीक्षेत नापास झाले. महाराजांनी शाळेकडे शब्द टाकला की मुलाला वरच्या वर्गात घ्यावे. गणिताचे शिक्षक भार्गवराम कुलकर्णी मोठे बाणेदार. भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वरच्या वर्गात पाठवता येईल, पण भाऊरावला पाठवता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी खुद्द राजाला दिले. महाराजांनीही अधिकार वापरून शिक्षकाला वाकवले नाही.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा त्या शिक्षकांना हसतात. मला तसे करवत नाही. त्यांनी खोटा गुण दिला नाही, राजासमोरही दिला नाही. भाऊरावांना गणित येत नव्हते हे खरेच होते. पण परीक्षेने जे सांगितले ते तेवढेच होते. त्या मुलाला दुसऱ्याचा अपमान पाहवत नाही आणि त्यापायी तो स्वतःचे छप्परही गमावायला तयार होतो, हे कोणत्याच उत्तरपत्रिकेत आले नव्हते.

मॅट्रिक न होताच भाऊरावांचे शालेय शिक्षण संपले. त्यानंतर त्यांनी काय करावे? साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या! शाळेत मागे पडलेला हा माणूस दारोदार जाऊन मुलांना शिकवू लागला आणि सातारकर त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. आपण कोठे अडलो होतो हे ज्याला आठवते, त्याला दुसरे मूल कोठे अडते ते चटकन कळत असावे. याच सुमारास, १९१० साली, सांगलीजवळच्या दुधगावी मित्रांबरोबर त्यांनी खेड्यातील मुलांसाठी वसतिगृह काढण्यात भाग घेतला.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला डांबर फासण्यात आले. त्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी साक्ष दिली नाही, तुरुंगातील छळ सोसला. ही परीक्षा ते पास झाले असे म्हणायला हरकत नाही. सुटका झाल्यावर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी फिरले आणि शेतकऱ्यांच्या घरातील दारिद्र्य व अज्ञान त्यांनी जवळून पाहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. खेड्यातले पोर परीक्षेत का मागे पडते? घरी दिवा नाही, पोटभर अन्न नाही, शाळा चार कोसांवर, आईबापांना अक्षरओळख नाही आणि सुगीत गुरांमागे जावे लागते. शिक्षकाने कितीही जीव तोडून शिकवले तरी या गोष्टी त्याच्या हातात नसतात. भाऊरावांनी नेमक्या याच गोष्टी हातात घेतल्या. निजायला जागा, दोन वेळचे जेवण, अभ्यासाला दिवा, आणि चुकले तर कान धरणारा व आजारी पडले तर उशाशी बसणारा वडीलधारा माणूस. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, एका पंगतीत जेवत.

प्रायश्चित्तकाळात आपण फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकतो. मालक झाड तोडायला सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. झाडाला फळे नाहीत हे माळी नाकारत नाही. तो भोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम आपल्या अंगावर घेतो. भाऊराव ख्रिस्ती नव्हते, पण हे माळीकाम त्यांनी जन्मभर केले. रयतेच्या मुलांसाठी त्यांनी वाढीव गुण मागितले नाहीत, त्यांच्या मुळांशी माती घातली.

या कामात त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा फार मोठा. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. पैशाची चणचण आली तसतसे एकेक दागिने मोडले. एकदा कोठारात धान्याचा दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. संत जॉन बॉस्कोच्या आईने, मार्गरेटने, तुरिनमधील अनाथ मुलांसाठी आपली लग्नातली वस्त्रे व दागिने दिले, हे आपण दरवर्षी जानेवारीत त्याच्या सणाला ऐकतो. साताऱ्याच्या या मार्गरेटची कथा आपल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. वसतिगृहातील मुले पोरकी झाली आणि भाऊराव एकटे पडले.

१९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले. ज्या संस्थानात त्यांनी तुरुंग सोसला, त्याच संस्थानच्या राजाचे हे नाव. आश्रयाची आठवण भाऊरावांनी जपली आणि छळाची मागे टाकली.

चांगल्या शिक्षकांवाचून हे काम टिकणार नाही हे ओळखून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. पैसा नाही म्हणून कोणी परत जाऊ नये यासाठी कमवा आणि शिका ही योजना चालवली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे आणि तिच्या शाखा आता सातशेहून अधिक आहेत. शाहू बोर्डिंगमध्ये राहिलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

लोकांनी भाऊरावांना कर्मवीर म्हटले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षकाला सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.